बाजूने आलेली चिठ्ठी

सिनेमाच्या बाजूने बोला, अशी चिठ्ठी माझ्या हातात आलेली आणि मी विरोधात बोललो. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

डोंबिवलीत आमचं एक सिनेमा मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो. सगळीकडून शिव्या खाल्लेला एखादा सिनेमा निवडायचा. ज्याची पाळी असेल त्याने स्टीलच्या डब्यातल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक उचलायची आणि येईल ती बाजू दहा मिनिटं लढवायची. स्वतःचं मत मधे आणायचं नाही. चिठ्ठी दाखवायची पद्धत नाही, उरलेलीही कोणी उघडून बघत नाही.

माझ्या पाळीला आला तो एका जुन्या, गाजलेल्या महाकाय प्राण्याच्या सिनेमाचा रीमेक. माझा धाकटा भाऊ तेव्हा ठाण्यात बाळकुमला एका स्टुडिओत कॉम्प्युटरवर काम करायचा. तो प्राणी समुद्रातून वर येतो तेव्हा पाठीवरून पाणी ओघळतं, ते त्याने केलेलं. आठ महिने तेवढंच. मी बोलणार म्हणून तो मुद्दाम आलेला, मागच्या रांगेत बसलेला.

सिनेमा मी ठाण्याला दुपारच्या शोला एकटाच पाहिलेला. जुन्या सिनेमातला प्राणी चिडलेला होता, हा दमलेला होता. उभं राहायलाही त्याला वेळ लागायचा. लोक त्यालाच कंटाळले. मला मात्र शेवटच्या वर्षातले आमचे वडील आठवले, आणि इंटरव्हलला मी जागेवरून उठलो नाही.

मी चिठ्ठी उघडली. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतले एक काका म्हणाले, "अहो, बाजूने आली असेल तर आत्ताच सांगा, मी चहा पिऊन येतो." खोली हसली. आता बाजू घेतली तर भावासाठी बोलतोय म्हणतील, असं वाटून गेलं. चिठ्ठी खिशात घालत मी म्हणालो, "विरोधात."

एरवी चारचौघांत मला धड बोलता येत नाही. त्या दिवशी आलं. हा प्राणी समुद्रातून नाही, टॉवेल शोधत बाथरूममधून बाहेर येतो, असं म्हणालो तेव्हा सगळ्यात मोठा हशा झाला. भाऊही हसला, जरा उशिरा.

रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. तो म्हणाला, "मस्त बोललास दादा. चिठ्ठीच तशी आली, तू तरी काय करणार." मग स्टँड जवळ आल्यावर, "पण खरं सांग, पाणी कसं वाटलेलं?"

नीट आठवत नाही रे, परत एकदा बघतो आणि सांगतो, असं मी म्हणालो.

त्याने पुन्हा विचारलं नाही. वर्षभरात ते काम सोडून तो जाहिरातींकडे वळला. माझ्यामुळेच, असं मी म्हणणार नाही, पण माझ्यामुळे नाही असंही मला म्हणता येत नाही. कुठे भाषणाला कोणी हवं असेल तर तो अजून माझं नाव पुढे करतो.

चिठ्ठी कोणती होती आणि ते पाणी बघताना माझे डोळे भरून आलेले, हे त्याला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.