आरोपी नंबर दोन

खोली बघायला आलेल्या माणसाला हिराबाय आधी डिपॉझिट सांगायची नाही. ती विचारायची, "सुकी मासळी चालते?" समोरचा अडखळला की ती किल्ली पदराला बांधायची आणि म्हणायची, "दुसरीकडं बघ बाबा. माझ्या अंगनात बोंबील सुकतात. वासानं नाक मुरडनारा मना नको."

विरार पूर्वेला चंदनसारच्या आतल्या अंगाला तिची चाळ होती. खाडीकाठचं भातशेतीवालं घराणं. शेताच्या जागी इमारती आल्या तरी घरामागचा तुकडा तिने विकला नाही. त्यावर खोल्या बांधल्या आणि जगातली सगळी माणसं त्यात भरली. नेपाळी वॉचमन, बिहारी सुतार, नर्सिंग शिकणाऱ्या केरळच्या दोन मुली. भांडण कुणाचंही असो, निकाल हिराबाय द्यायची. तो बहुतेकदा चुकीचा असायचा, पण पटकन मिळायचा. वसई कोर्टात पंचवीसेक वर्षं वकिली केल्यावर मला त्या "पटकन"ची किंमत कळते.

मी तिला ओळखायला लागले ती रूमामुळे. रूमा हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव लिहायचा मला अधिकार नाही. बांगलादेशातली, विशीतली मुलगी. गावातल्याच एका बाईने पार्लरमधलं काम देते म्हणून तिला सीमा ओलांडून आणलं आणि इथे फ्लॅट चालवणाऱ्या दुसऱ्या एका बाईला विकलं. त्या फ्लॅटवर काय चालायचं ते मी वर्णन करून सांगणार नाही. चार भिंतींतलं तुम्हाला कळतं, आणि शेजाऱ्यांनाही कळत होतं. एके सकाळी कचरा टाकायला दार उघडलं तेव्हा रूमा पळाली. धावत धावत मासळीबाजारात शिरली आणि बर्फाच्या पेट्यांमागे बसून राहिली. तिथे हिराबायने तिला पाहिलं. पोलिसांना फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही, रिक्षात घातलं आणि घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ऑफिसात आली. चप्पल बाहेर काढली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वकीलबाय, पोरीकडं कागद नाय. पन पोर खोटी नाय. बोल, काय करायचा?"

मी सांगितलं. परदेशी बाई फसवून आणलेली असेल, तर व्हिसा नाही एवढ्यासाठी तिच्यावर गुन्हा दाखल करू नये, असं केंद्र सरकारनेच राज्यांना कळवलेलं आहे. तिची नोंद पीडित म्हणून झाली पाहिजे, आरोपी म्हणून नाही. सगळा खेळ त्या पहिल्या नोंदीवर आहे. काही देशांत अशा बायकांसाठी वेगळा व्हिसाच असतो. राहा, काम करा, साक्ष द्या, मग पुढचं बघू.

"आपल्याकडं?"

"आपल्याकडे परिपत्रक आहे."

"ते कोन वाचतो?"

"मी वाचायला लावीन. तस्करीच्या गुन्ह्यांचं काम बघणाऱ्या बाई अधिकारी रजेवर आहेत, त्या परतल्या की आपण जाऊ. तोवर तिला घरात ठेवा आणि काही करू नका."

"काही करू नका" हे हिराबायला आयुष्यात कुणी सांगितलं नसावं. सांगितलं असलं तरी तिने ऐकलं नसावं.

आमच्या भागात नवा माणूस आला की त्याला कागद करून देणं हा चाळमालकाचा धर्म समजतात. भाडेकरार, वीजबिलाची प्रत, नगरसेवकाचं पत्र, मग आधार, मग गॅस. हिराबायच्या वीजबिलावर निम्मी चाळ भारतात स्थिरावली होती, आणि ती सगळी माणसं खरी होती, म्हणून कागदही खरे होते. तिच्या हिशेबी कागद म्हणजे पांघरूण. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घालायचं, त्यात विचारायचं काय? फुलपाड्यातल्या एका एजंटाकडून तिने रूमाचं आधार कार्ड बनवून आणलं. वेगळं नाव, जन्म पालघर तालुक्यातला, नातं सुनेची बहीण. मला बोलली नाही. मी रागावेन हे तिला ठाऊक होतं.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. बाई अधिकारी त्या दिवशी परतणार होत्या, पण त्यांची रजा वाढली होती. दुसरेच साहेब बसले होते. तरी त्यांनी नीट ऐकलं, रूमाला पाणी दिलं आणि सहज म्हणाले, "नाव? काही ओळखपत्र?" रूमाने, शिकवल्याप्रमाणे, ब्लाऊजमधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

साहेबांनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही बांगलादेशातून आणलेली पीडित आहे की पालघरची रहिवासी? दोन्ही कशी?"

हिराबाय मध्ये पडली. "ती माझी हाय. बास झाला का?"

बास झालं नाही. तक्रार बाजूला राहिली. फ्लॅटवाल्या बाईचं नाव लिहायच्या आधी यांची नावं लिहिली गेली. विनापरवाना वास्तव्य आणि बनावट ओळखपत्र : आरोपी नंबर एक रूमा. परदेशी व्यक्तीला आसरा देणं आणि बनावट कागदाला मदत : आरोपी नंबर दोन हिराबाय. परिपत्रकाची प्रत मी टेबलावर आपटली. साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे पीडितांसाठी आहे."

बाहेर आल्यावर मी हिराबायला नको नको ते बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ओरड. ओरडून झाला की सांग, पोरीला सोडवायचा कसा."

रूमा तुरुंगात गेली. विकलेली मुलगी तुरुंगात, आणि तिला विकत घेणारी बाई आपल्या फ्लॅटवर, एसी लावून. त्या बाईवर गुन्हा दाखल व्हायला मला वरच्या अधिकाऱ्यांकडे किती खेटे घालावे लागले, ते आठवलं की आजही डोकं तडकतं.

हिराबायला जामीन मिळाला. थोरला मुलगा विकास तिला आणि एका मोठ्या वकिलाला घेऊन माझ्याकडे आला. तोडगा सोपा होता.

"आई, एवढंच बोल, ती कलकत्त्याची आहे बोलली म्हणून ठेवली. तिनंच कार्ड आणलं, मला काय माहीत. सिंपल आहे. तू सुटतेस."

"आनि ती?"

"तिचं तिचं बघेल ना! तू काय ठेका घेतलायस?"

हिराबायने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पन्नाशीचा माणूस खुर्चीत मागे सरकला. "एक कागद खोटा केला तर एवढा झाला. आता तोंडानं दुसरा करू? चहा पी आनि घरी जा."

"आई, या वयात आत टाकतील तुला."

"टाकू दे. तिथं भांडायला नवीन बाया तरी मिळतील."

मोठे वकीलसाहेब हसले. मी नाही हसले. ती खरंच बोलत होती, आणि तिची वकील म्हणून मी तिला हे करू देता कामा नये, हेही खरं होतं. तसं मी तिला स्पष्ट सांगितलं आणि तिच्यासाठी दुसरा वकील बघायला लावला. मी फक्त रूमाची राहिले.

कोर्टात हिराबायने लेखी जबाब दिला : कार्ड मी केलं, एजंट मी गाठला, पोरीला मराठी वाचता येत नाही, त्यावर काय लिहिलंय ते तिला ठाऊक नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, "याचा परिणाम तुम्हाला समजतो का?" ती म्हणाली, "समजतो. म्हनून तर आज नवीन लुगडं नेसून आले." त्या जबाबावर रूमाचं नाव आरोपींतून वगळलं गेलं. पीडित ही नोंद, जी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, तेव्हा कुठे झाली. फुलपाड्यातला एजंट तोवर दुकान बंद करून पसार झाला होता. खटल्यात उरली एकटी हिराबाय, कागदोपत्री अजूनही आरोपी नंबर दोन.

रूमाला सुधारगृहात पाठवलं. नाव बघा : सुधारगृह. काय सुधारायचं होतं तिचं? बाहेरून कुलूप, फोन नाही, काम नाही. हिराबाय डबा घेऊन जायची. फाटकावरची बाई विचारायची, "नातं काय?" एकदा नात्याचा घोटाळा झाला होता, म्हणून आता ती खरं सांगायची. "काय नाय. माझ्या घरी होती." मग भेट नाही. डबा आत जायचा, ती बाहेर थांबायची. रिकामा डबा परत आला की, "खाल्लान वाटतं," म्हणून निघायची.

रूमाला इथे राहायचं होतं, निदान साक्ष देईपर्यंत. तिने मला सांगितलं होतं, त्या बाईकडे बोट दाखवून बोलायचंय. मी अर्ज केले. साक्ष होईपर्यंत वास्तव्याची परवानगी द्या, काम करू द्या. उत्तर आलं नाही. आली ती प्रवासाची परवानगी. तिच्या देशाने ओळख पटवली आणि आपल्या लोकांनी ताबडतोब तिला सीमेपलीकडे नेऊन सोडलं. परत पाठवताना जेवढी घाई झाली, तेवढी त्या साहेबांनी पहिल्या दिवशी तक्रार लिहून घ्यायला केली असती तर! मला कळलं ते ती गेल्यावर. हिराबायला मी सांगितलं तेव्हा ती बोंबील उलटत होती. "पोचली का नीट?" एवढंच तिने विचारलं. मग बराच वेळ सरकारच्या आईबापांचा उद्धार केला. तो इथे छापता येणार नाही, पण त्यातला शब्द न् शब्द मला मान्य होता.

स्वतःच्या खटल्याच्या तारखांना ती शेवटपर्यंत येत राहिली. गुडघे गेले होते. जिना चढताना कठड्याला शिव्या द्यायची. मागच्या उन्हाळ्यात झोपेतच गेली. अंत्ययात्रेला चाळ झाडून आली होती. विकास रडत होता आणि रडतानाच मला म्हणाला, "तुमच्या त्या केसनं मारली तिला." केसने नव्हे, हृदयाने मारली. पण त्याला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि ते मला समजतं.

पुढच्या तारखेला पुकारा झाला. "आरोपी हजर?" तिच्या वकिलाने मृत्यूचा दाखला दिला. खटला संपला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याच दुपारी वरच्या मजल्यावर दुसरं प्रकरण होतं. फ्लॅटवाली बाई जामिनावर, गळ्यात जाड साखळी, मोबाइल चाळत मागच्या बाकावर. तिच्या वकिलाने सांगितलं, मुख्य साक्षीदार येतच नाही, किती दिवस थांबायचं? न्यायाधीशांनी विचारलं, "पीडित कुठे आहे?"

सरकारी वकील कागद चाळू लागले. मी उभी राहिले. "साहेब, सरकारने तिला देशाबाहेर पाठवलं."

"मग समन्स काढा, येऊ द्या."

"पासपोर्टशिवाय पाठवलीय. आता व्हिसा घेऊन ये म्हणताय. तो कोण देणार? व्हिडिओवर साक्ष घ्या, हा माझा अर्ज पडून आहे."

"ठीक आहे, बघू. पुढची तारीख. बसा मॅडम."

"आधी हे रोजनाम्यात लिहून घ्या. साक्षीदार गैरहजर नाही. सरकारने पाठवलेली आहे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. स्टेनोची बोटं थांबली होती. मागच्या बाकावर मोबाइलही थांबला.

"बसा मॅडम."

मी म्हणाले, "लिहून झालं की बसते."