आबांच्या दुधाला दोनदा वाजणारं मशीन

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर आलो तो निव्वळ टाइमपास म्हणून. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवरचा आवाज... वाचायचं, हसायचं आणि जेवायला जायचं. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आता आहे का? तेही धड सांगता येत नाही. हसणं मात्र बंद झालंय.

मी सांगलीत डेअरीची मशीन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. माझा थोरला भाऊ विजूदादा आधीपासून तिथंच होता, मला त्यानंच चिकटवलं. आमचं गाव उंब्रजपासून आत. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून रिटायर झाले आणि म्हशी बाळगून राहिले. गावच्या डेअरीत मशीन आमच्याच कंपनीचं. दूध मापलं, फॅट लागली, की ते 'टीं' वाजतं आणि पावती निघते. एकदाच वाजतं, सगळ्यांना.

दोन वर्षांपूर्वी दादा हायवेवर अपघातात गेला. सांगलीहून घरी यायला निघाला होता, पोचलाच नाही.

तेराव्यानंतर आबा पहिल्यांदा दूध घालायला गेले, तेव्हा मशीन दोनदा वाजलं. टीं-टीं. पुढच्याला एकदा, मागच्याला एकदा, आबांना दोनदा. दुसऱ्या दिवशी तेच... मग रोजच. डेअरीतल्या सुनीलचा मला फोन आला, "आरं, मशीन आबांस्नी वळखाय लागलंय. लय येगळंच काम हाय गड्या." मी म्हटलं, लूज कॉन्टॅक्ट असेल, लगेच नारळ फोडू नका. गावी गेलो, वायरी तपासल्या, शेवटी अख्खं मशीन बदलून दुसरं ठेवलं. आबांनी किटली पुढं केली. टीं-टीं. मी परत वायरी चाचपायला लागलो. आबा मात्र माझ्याकडं बघून हसले. दादा गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला, म्हशी कमी होत होत एकच उरली. आई म्हणायची, तीही विका आता. आबांचं एकच उत्तर, "म्हस इकली तर डेअरीत कशाला जायाचं?"

यंदा आमच्या साहेबांनी जुना प्रोग्रॅम साफ करायला काढला. तो सी भाषेत आहे. असल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, 'अमुक मशीन असेल तर एवढ्या ओळी घे, नाहीतर सोडून दे' अशा सेटिंग असतात. मशीन भंगारात जातं, पण त्याच्या ओळी तशाच राहतात. हात लावायला सगळे घाबरतात. साहेब म्हणाले, "मेलेल्या मशीनची लुडबुड किती दिवस ठेवायची? काढून टाक सगळं."

काढता काढता दादाच्या ओळी सापडल्या. आमच्या अगदी सुरुवातीच्या मशीनमधल्या बोर्डाचा बझर बारीक वाजायचा, डेअरीच्या गोंगाटात ऐकू जायचा नाही. म्हणून दादानं लिहिलं होतं : बोर्ड जुना असेल तर दोनदा वाजव.

म्हटलं, हेच ते टीं-टीं. पण नीट समजून घ्या... तो बोर्ड आता कुठंही नाही. त्याची सेटिंग बंद आहे, त्यामुळं त्या ओळी तयार होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरतच नाहीत. त्या ओळी ठेवून एक प्रोग्रॅम बनवला, काढून दुसरा बनवला आणि दोन्ही ताडून बघितले. तंतोतंत सारखे, एका अक्षराचा फरक नाही. शिवाय त्या ओळींत आबांचं नाव नाही, नंबर नाही, काही नाही.

तरीही शनिवारी गावी गेलो तेव्हा गोठ्यात आबांना सांगितलं. राहवलं नाही.

"त्या वळी चालतच न्हाईत म्हंतूस?"

"नाही, आबा."

"पर त्यानं ल्हिल्यात न्हवं?"

"हो."

"मग काढतूस कशाला?"

साफसफाई, असं म्हणालो. आबा म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुझं काम हाय. कर."

काढल्या. नवा प्रोग्रॅम मीच गावच्या मशीनमध्ये भरला. संध्याकाळी आबांनी दूध घातलं.

टीं.

आबा काट्यावर हात ठेवून तसेच उभे. मागं रांग खोळंबली होती. कुणीही "सरका की" म्हटलं नाही. शेवटी सुनीलनंच पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

मी वेडापिसा झालो. दादाच्या ओळी परत घातल्या. जुना प्रोग्रॅम भरला. गावातलं मी बदललेलं आधीचं मशीन गोडाऊनमधून शोधून आणून बसवलं. एकदाच वाजतंय, सगळ्यांसारखंच. ज्या ओळी मशीनपर्यंत कधी गेल्याच नाहीत त्या काढल्यानं काय थांबलं, आणि त्याआधी इतके दिवस काय वाजत होतं, हे मला आजही माहीत नाही. इथं कुणाला माहीत असेल तर सांगा. नसेल तर धीर नका देऊ, आत्मा मुक्त झाला वगैरे तर मुळीच नको. मला तो मुक्त व्हायला नको होता.

आबांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. ते म्हणू लागले, "माजं कानच गेलं आसतील रं. वाजत आसंल दोनदा, मलाच याक ऐकू येतंय. कानाचं मशीन आणू या." सुनीलला विचारायचे, "दोनदा वाजलं न्हवं?" तो बिचारा खाली बघून म्हणायचा, "व्हय आबा."

परवा त्यांना सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. दोन्ही कान तपासून डॉक्टर खुशीत म्हणाले, "काही झालेलं नाही, आजोबा. तरण्या पोराला लाजवतील असे कान आहेत."

परत येताना आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. पेठनाका गेल्यावर, माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"मंजी त्योच वाजवंना झालाय."

घरी पोचल्यावर त्यांनी आईला सांगितलं, म्हशीला गिऱ्हाईक बघ.