मदातला हत्ती आणि एकवीस मोदक

हत्ती रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि आमचे साहेब मोदकांच्या डब्याचे झाकण उघडत होते.

तराईतील एका राष्ट्रीय उद्यानातून जाणारा तो रस्ता. मी वाराणसीत सरकारी पशुवैद्यक होतो. उद्यानातील पाळीव हत्तींच्या तपासणीसाठी आम्हां दोघांना बोलावले होते. साहेब म्हणजे आमचे डेप्युटी डायरेक्टर. मुन्शी घाटाजवळचे तीन पिढ्यांचे मराठी घराणे. पदवी त्यांचीही पशुवैद्यकाचीच. परंतु गेल्या वीस वर्षांत त्यांनी फायलीखेरीज कशाचीही नाडी पाहिली नव्हती. त्या दिवशी संकष्टी होती. रात्री उपास सोडण्यासाठी वहिनींनी एकवीस तळलेले मोदक बरोबर दिले होते.

जीप हत्तीपासून साठेक पावलांवर थांबली.

“डॉक्टर, साक्षात गणराय सामने उभे आहेत. तेही चतुर्थीला! आणि बघा, डोळ्यांतून पाणी वाहतंय. देव गहिवरलाय.”

ते पाणी डोळ्यांतले नव्हते. डोळा आणि कान यांच्या मध्ये हत्तीला एक ग्रंथी असते. नर हत्ती मदात आला की तिच्यातून तेलकट स्राव गालावर ओघळतो. त्या काळात तो आपल्या माहुतालाही जुमानत नाही. वाराणसीजवळच्या रामनगरच्या मिरवणुकीतील हत्ती मी अनेक वर्षे तपासले. मदाच्या दिवसांत त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. समोरच्याच्या पायात साखळी नव्हती.

“साहेब, हा मदात आहे. गाडी मागे घेऊ या.”

“प्रसाद ठेवल्याबिगर नाही. शिवपूजन, हा डबा घे आणि त्यांच्या पुढं ठेवून ये.”

शिवपूजन आमचा ड्रायव्हर, रामनगरचा. नोकरी हंगामी, कायम करण्याचा कागद साहेबांच्याच टेबलावर पडून होता. त्याने एकदा हत्तीकडे पाहिले, एकदा साहेबांकडे. दोहोंत अधिक धोका कोणाचा, हे त्याला ठरवता येईना.

“हुजूर, तीन बच्चे हैं हमारे.”

“म्हणून तर जा. पुण्य त्यांनाच लागेल.”

पुण्य मिळवायचे साहेबांनी आणि पायी जायचे शिवपूजनने, अशी ही वाटणी होती. त्याने दाराच्या कडीला हात घातला.

“शिवपूजन, बैठे रहो,” मी म्हणालो. “रिव्हर्स डालो.”

“इथं सीनियर कोण आहे, डॉक्टर?”

“आपण. पण हत्तीला तसं कोणी कळवलेलं दिसत नाही.”

साहेब संतापले. देवासमोर जोडे घालून जायचे नाही म्हणून त्यांनी ते काढले, डबा उचलला आणि अनवाणी खाली उतरले. दहा पावले गेले असतील. हत्तीचे हलणारे कान एकाएकी थांबले. सोंडेचे टोक आत वळले. ही धावून येण्यापूर्वीची खूण. मी उडी टाकली, साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना पोत्यासारखे ओढत जीपमध्ये आणून टाकले. डबा रस्त्यावर पडला. दार लागण्यापूर्वीच शिवपूजनने गाडी भरधाव मागे घेतली.

हत्ती आला. डब्यापाशी थांबला. मोदक त्याने खाल्ले नाहीत. डबा पायाखाली चेपला, सोंडेने झाडीत भिरकावला आणि तासाभराने कोणाचाही विचार न घेता निघून गेला. साहेब तोवर अथर्वशीर्ष म्हणत होते. दुसऱ्या ओळीपुढे ते जात नव्हते.

वाराणसीला परतताच त्यांनी सांगण्यास सुरुवात केली, की गणरायाने नैवेद्य स्वीकारला. ऐकणाऱ्यांनी हात जोडले. आठवड्याभरात दोन मेमो निघाले. मला विचारले होते, वरिष्ठांच्या कॉलरला हात का घातला. शिवपूजनला विचारले होते, आदेश न पाळल्याबद्दल कामावरून का काढू नये. तो कागद घेऊन तो माझ्या घरी आला. मेमो माझ्या हातात दिला.

दोन्ही मेमोंना मी एकच उत्तर दिले आणि त्याची प्रत लखनौच्या मुख्य कचेरीला धाडली. “गाडी मागे घेण्याचा हुकूम माझा होता. ड्रायव्हरने तो तत्परतेने पाळला. त्यामुळेच डेप्युटी डायरेक्टर या मेमोंवर सही करू शकले.”

लखनौत कोणीतरी हे वाचले असावे. साहेबांना पुढे चौकशी करू नये असे कळवण्यात आले. शिवपूजन त्या वर्षअखेरीस कायम झाला.

वरिष्ठांचा आदेश मोडायचा तर तोंडी मोडावा आणि तो मोडल्याचे लगेच लेखी कबूल करावे. उशीर झाला, तर तो गुन्हा हाताखालच्या माणसाच्या नावावर चढतो.