मी माहेरी धावत गेले, त्याची खरी हकीकत

मी आयुष्यात एकदाच खरोखर जोरात धावले, आणि तेव्हा मला धावायचं नव्हतं, बसायचं होतं!

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. सासर बदनापूरजवळच्या खेड्यात. नणंद शोभा पोलीस भरतीची तयारी करायची, म्हणून रोज पहाटे स्टेशनपर्यंत धावायची. तिला एकटीला सोडणार कोण? सासूबाईंनी फर्मान काढलं, "वयनीला संगं घेऊन जा." मग मी पाचवारी खोचून, नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट घालून (पुढे कापूस कोंबून!) तिच्यामागे फरफटत निघायचे.

माहेर जालन्यात, वीसेक किलोमीटरवर. पण संक्रांत गेली, होळी आली, तरी सासूबाई काही पाठवेनात. "वावरातली कामं सरू दे, मंग जा." वावरातली कामं कधी सरतात का? जालन्याच्या गाडीची शिट्टी ऐकली की माझ्या पोटात कालवायचं.

त्या दिवशी कालवलं ते मात्र वेगळं होतं.

रात्री शिळ्या वरणावर ठेचा चापला होता. पहाटे शोभानं घाई केली आणि शेताकडे जाऊन यायचं राहिलं. अर्ध्या वाटेत पोटानं पहिला इशारा दिला.

"शोभे, थांब. मला जायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? जायचंय!"

चहूकडे पाहिलं. ज्वारी काढून वावरं मोकळी, गुडघ्याएवढाही आडोसा नाही. चांगलं फटफटलेलं. रस्त्यावर दूधवाले, बांधाबांधावर टमरेल घेतलेले सासरे. (खेड्यात प्रत्येक म्हातारा सुनेचा सासराच असतो!)

"स्टेशन गाठा, वयनी!" शोभा म्हणाली.

आणि मी सुटले. मागून ती घड्याळ बघत ओरडत होती, "काय पळून राह्यल्या तुमी! भरतीला तुमीच उभं राहा!"

फलाटावर शिरले तर समोर पॅसेंजर उभी! यापेक्षा जवळचा संडास त्रिभुवनात नव्हता. मी चढले, कडी लावली, आणि समोर पाटी: गाडी स्थानकात उभी असताना वापर करू नये. मी शिक्षकाची मुलगी. घामानं डबडबून, डोळे मिटून, एक एक देव आठवत उभी राहिले. तेवढ्यात हिसका बसला. गाडी सुटली होती. सरकारचा नियम पाळला गेला!

बाहेर आले तेव्हा झाडं पळत होती. दारापाशी मेथीची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती.

"कुठं निघालीस गं बाई?"

भरल्या डब्यात खरं कसं सांगणार? "कुठंच न्हाई," म्हणाले आणि रडू फुटलं. तिनं माझे सुटलेले केस पाहिले, पायातले पुरुषी बूट पाहिले.

"सासरी जाच हाय का?"

"न्हाई."

"मारतो का?"

"न्हाई हो!"

"मंग माहेर कुठं?"

"जालना."

"हां!" म्हातारी डब्याकडे वळली. "आईची सय आलीय ओ लेकराला. अंगावरच्या कपड्यानिशी निघालंय!"

सगळा डबा हळहळला. कुणी खिडकी दिली, कुणी पेरू दिला. (पेरू! त्या पोटाला!) पण 'आईची सय' हे शब्द कानावर पडले आणि मी जी रडायला लागले, ते रडू मात्र खरं होतं. जालना येईपर्यंत थांबलं नाही.

म्हातारी मला घरापर्यंत सोडायला आली. आई अंगण झाडत होती. मला बघून झाडू गळूनच पडला.

"अशी कशी आलीस गं?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "तुमच्या सयीनं पळत आलीय ओ पोरगी!"

आईनं मला छातीशी धरलं. तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. आता तुम्हीच सांगा, त्या मिठीत "आई, मी संडासला चढले होते" असं म्हणता येतं का?

दुपारी नवरा मोटारसायकलवर आला. शोभानं त्याला सगळं सांगितलेलं. "अगं, तू तर..." एवढंच तो बोलला आणि मी त्याच्या हातात बूट कोंबले. तो बुटातला कापूस उपसत बसला. त्यानंतर सासूबाई दर महिन्याला मला आपणहून माहेरी धाडू लागल्या. (पुन्हा धावत सुटले, तर गावात शोभा व्हायची!)

शोभा पोलिसात लागली. आईनं मात्र ती गोष्ट पंधरा वर्षं गल्लीत सांगितली. "लेक असावी तर अशी!" दर वेळी मी म्हणायचे, पुढच्या खेपेला खरं सांगू. मग आईच गेली.

दहाव्याला शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्यासारखी माया कुणाचीच न्हाई गं. धावत आल्तीस आईसाठी."

शेजारी शोभा रुमालात तोंड खुपसून गदागदा हलत होती. बायकांना वाटलं, किती रडतेय बिचारी!

आणि मी? आईची इतकी आठवण येत होती की हुंदका आवरत नव्हता. पण तशा हुंदक्यातही मी मान हलवली ती होकारार्थीच!