विहीर आधी सांगू नका

धुळ्यात मागांच्या वस्तीत नाजमीनला लोक ओळखतात ते पिको-फॉलसाठी. घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन मशीनं आहेत, एक शिलाईचं आणि एक पिकोचं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे लूम दिवसभर खडखडत असतात, त्यामुळे आलेली बाई साडी दारातूनच उंच धरते आणि काय हवं ते खुणेनंच सांगते. नवरा रमजान जवळच्याच एका कारखान्यात लूमवर जातो. मुलगी सितारा कॉलेजात आहे. नाजमीनचा आवाज पुण्या-सोलापुरातली माणसं कानाला लावून ऐकतात, हे गल्लीत फारसं कुणाला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना त्यात ऐकण्यासारखं काय ते कळत नाही.

ती मूळची पारोळ्याची. घराला मराठी शाळा जवळ होती म्हणून वडिलांनी तिला तिथं घातलं. तिथल्या बाई सणावाराला फळ्यावर चित्र काढायला तिलाच उठवायच्या. बारावीनंतर लग्न झालं आणि चित्रं मागे पडली. त्याचं तिला फार वाईट वाटलं असंही नाही. संसारात बऱ्याच गोष्टी मागे पडतात, तशीच ही एक, असं ती म्हणायची.

एकदा ब्लाउजच्या मागच्या गळ्याचे नमुने फोनवर शोधताना तिला एक वेगळंच चित्र दिसलं. जुन्या गोधडीचा तुकडा, त्यावर काळ्या दोऱ्यानं शिवलेली घरं, आणि बोट लावलं की पाण्याचा आवाज. ती एका चित्रकथेची सुरुवात होती. ‘तळातलं गाव’ तिचं नाव. धरणात बुडालेल्या एका गावाची गोष्ट होती, पण पुस्तकातल्यासारखी सरळ नव्हती. कधी पेन्सिलीची चित्रं, कधी कापड चिकटवून काढलेले फोटो, कधी चित्राऐवजी नुसता एखाद्या म्हातारीचा आवाज. पान कधी खाली सरकवायचं, कधी आडवं. नवा भाग कधी येईल याचा नेम नसे. करणारं माणूस ‘डोह’ या नावानं सही करायचं. बाई की बुवा, कुठलं, काही पत्ता नाही.

ही चित्रकथा वाचणाऱ्यांचा फोनवर एक गट होता, ‘चौकटीबाहेर’. जळगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवणारी सारिका तो चालवायची. नाजमीन ‘उलटा टाका’ असं नाव घेऊन त्यात शिरली आणि बरेच दिवस नुसती वाचत राहिली. तिथली माणसं एकेका भागावर तुटून पडायची. एका भागात नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या, आत काहीच नाही. सोलापूरचा एकजण म्हणाला, माझं नेट गेलंय बहुतेक. दुसरा म्हणाला, नाही, या घरांच्या भिंती आहेत, माणसं निघून गेलीत. तिसऱ्यानं विचारलं, मग याला चित्रकथा म्हणायचं तरी कशाला? झालं, आठवडाभर तेच चाललं. नाजमीनला मजा वाटायची. कुणी कुणाचं ऐकत नसे, पण दुसऱ्याचं वाचून पुन्हा चित्र बघायला मात्र सगळे जात.

या गटात जवरीलाल नाना होते. शिंदखेड्याला त्यांचं कापडाचं दुकान. ते आता मुलाच्या, रोनकच्या हाती दिलेलं. नात जिनल हिनं त्यांना ही चित्रकथा दाखवली आणि नानांनी ती डोक्यावर घेतली. ते फोनला बोलून लिहायचे आणि फोन भलतंच लिहायचा. ‘पाणी चढलं’ म्हटलं की ‘राणी चढली’ यायचं, मग राणी कुठली यावर गटात दिवसभर हसणं. नाना त्यातही सामील.

मग नाना गप्प झाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा निरोप आला. डोळ्यांच्या मधोमध धब्बा पडलाय, कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात आता एवढंच. जिनल शिकायला गेली आणि रोनकला दुकानातून वेळ नाही. नव्या भागात काय आहे, कुणी सांगेल का?

कुणी काळजी घ्या म्हणालं, कुणी हात जोडले. एकानं लिहिलं, ‘नाना, चित्रकथा ही बघायची गोष्ट आहे, सांगून कशी कळणार?’ तो वाईट बोलला नव्हता. पण नाजमीनला ते खटकलं. हातातला ब्लाउज तसाच ठेवून तिनं फोन तोंडाशी धरला आणि नवा भाग पहिल्या चित्रापासून गटातच बोलून पाठवायला सुरुवात केली. मागे लूम खडखडत होते.

“चिंचेचं झाड आहे. त्याखाली एक बाई उदास बसली आहे,” ती म्हणाली.

नानांनी फोनच केला. जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसे ते एकदम अहिराणीतच बोलले. “बेटा, उदास कशावरनं?”

नाजमीननं चित्र पुन्हा बघितलं. “पाठमोरी आहे, नाना. तोंड दिसत नाही.”

“मंग उदास तू म्हणस. तुले काय दिखस तेवढंच सांग. माले काय वाटस ते मी दखसू.”

ती हसली, पण ती गोष्ट तिच्या मनात बसली. पुढच्या खेपेला तिनं सांगितलं: बाई पाठमोरी आहे, एक पाय लांब केलाय, पदर खांद्यावरून घसरलाय, बाजूला रिकामी घमेली. नाना म्हणाले, आता दिसली. दमली आहे बिचारी.

एकाचे दोन, दोनाचे चार असे ऐकणारे वाढले, आणि ‘उलटा टाका’ची नाजमीन झाली. मुक्ताईनगरची एक बाई स्वयंपाक करताना ऐकायची. पुण्याचा एक मुलगा चित्रं बघून झाल्यावर मुद्दाम ऐकायचा, काय सुटलं ते कळावं म्हणून. रमजानला सुरुवातीला हे काही पटेना. “कोण आहे हा म्हातारा?” असं त्यानं दोनदा विचारलं. मग एका जुम्म्याला जेवताना तिचं बोलणं कानावर पडलं, तर घास हातात धरून म्हणाला, “फिर क्या हुआ? वो औरत उठी के नहीं?” त्यानंतर त्यानं म्हाताऱ्याचं नाव काढलं नाही.

सारिकाला मात्र हे रुचत नव्हतं. तिनं गटात स्पष्ट लिहिलं, ‘नाजमीनताई मनापासून करतात, पण सांगणं ही सुद्धा काटछाटच आहे. चित्रात दहा गोष्टी एकदम दिसतात. त्या एकीमागून एक सांगितल्या की त्यांच्यात पहिली कोणती ते सांगणाऱ्यानं ठरवलं.’ नाजमीनला हे नीट समजलं नाही. तिला वाटलं, शिकलेल्या बाईला आपलं काम आवडलेलं नाही, आणि तिनं विषय सोडून दिला.

मग विहिरीचा भाग आला.

तो म्हणजे एकच लांबच लांब चित्र. निळ्या-करड्या कापडाचे तुकडे एकाखाली एक शिवलेले, नुसतं पाणी. बोटानं सरकवत जावं तसं आणखी पाणी. मध्येच एक तुटका दोरा, पुन्हा पाणी. बोट दुखायला लागावं इतकं खाली गेलं की तळाशी एक विहीर होती, काठासकट, शाबूत. नाजमीनच्या घरी त्या दिवशी लग्नाच्या ब्लाउजांची घाई होती. तिनं पटकन सांगून टाकलं, “लांब चित्र आहे. सगळ्यात खाली विहीर आहे आणि तिच्यावर पाणीच पाणी.” मग कापडांचे रंग सांगितले आणि फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी ‘डोह’नं गटात लिहिलं. गटात असून आजवर एकदाही न लिहिलेलं माणूस ते. सगळे जागे झाले.

‘विहीर मी सगळ्यात खाली ठेवली होती. इथे ती दुसऱ्याच वाक्यात आली. ही वर्णनं काढून टाकावीत, अशी विनंती आहे.’

गट दुभंगला. निम्मे म्हणाले, आंधळ्या माणसाला गोष्ट सांगायची नाही हा कुठला न्याय. निम्मे म्हणाले, ज्याची कला त्याचा शब्द. कुणीतरी नाजमीनला नाव न घेता ‘हौशी’ म्हटलं. ते तिला ‘डोह’च्या निरोपापेक्षाही लागलं. सारिकाचा फोन आला. ती समजुतीनं बोलत होती. “राग मानू नका, ताई. पण विहिरीचं त्यांचं खरं आहे.”

“काढून टाकते,” नाजमीन म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलेलं एकेक करून पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी तिनं नानांना फोन केला. “नाना, यापुढे मी फक्त तुम्हालाच सांगत जाईन. गटात नको.”

“चोरून?” नाना म्हणाले. “चोरून ऐकाले मी काय पाप करस का?” मग ते शुद्ध मराठीत आले. गंभीर बोलायचं असलं की ते तसंच करत. “बेटा, तो माणूस चुकीचं बोलला का ते आधी सांग.”

“बघून सांगते,” नाजमीन म्हणाली. तिनं तो भाग पुन्हा उघडला. बोटानं सरकवत गेली. पाणी, पाणी, तुटका दोरा, पाणी. विहीर आहे हे पक्कं माहीत असूनही मध्येच तिला शंका आली, सुटली तर नाही ना? मग विहीर आली, आणि पहिल्यांदा बघताना झालं होतं तसंच तिचं बोट तिथंच थांबलं. नानांना हे मिळालंच नव्हतं. तिनं त्यांच्या हातात आधीच विहीर ठेवून दिली होती. सारिका म्हणत होती ते हेच, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

शुक्रवारी दुपारी जुम्म्यासाठी लूम बंद असतात. त्या शांततेत तिनं सिताराला समोर बसवलं. सिताराच्या हातात फोन, बोट हळूहळू सरकतंय, आणि बोटाखाली जे येईल तेवढंच नाजमीन आपल्या फोनमध्ये बोलणार. काही नवं नाही आलं तर गप्प बसणार.

“अम्मी, लोकांना वाटेल बंद पडलं,” सितारा म्हणाली.

“वाटू दे.”

पहिल्यांदा सितारानं घाई केली. दुसऱ्यांदा दारात गिऱ्हाईक आलं. तिसऱ्यांदा नाजमीनच मध्ये बोलली, “म्हणजे अजून खालीच जातोय आपण,” आणि मग स्वतःवरच चिडली. शेवटी एकदाचं जमलं. “पाणी. निळं. खाली करडं. पाणी.” मग बराच वेळ काहीच नाही. “एक दोरा, तुटका.” पुन्हा काहीच नाही. आणि शेवटी, “विहीर.”

ते तिनं गटात टाकलं नाही. एकट्या ‘डोह’ला पाठवलं, खाली लिहिलं: ‘आधीचं माझं चुकलं होतं. हे ऐकून बघा. नको असेल तर हेही पुसते. पण मग नानांनी तुमची गोष्ट कशी वाचायची ते तुम्ही सांगा.’

उत्तर आलं नाही. आठवडे गेले. लग्नसराई संपली, पिकोचं मशीन एकदा बिघडून दुरुस्त झालं. गटात इतर गोष्टींवर भांडणं चालू राहिली. नानांनी मध्ये एकदाच विचारलं, आणि ती नाही म्हणाल्यावर रोनकच्या दुकानातल्या नव्या मालाचं काहीबाही सांगत बसले.

मग एक दिवस दुपारी निरोप आला.

‘ऐकलं. मधल्या गप्प जागेत मला वाटलं, आता विहीर येणारच नाही. हे त्या भागाखाली लावत आहे, तुमच्या नावासकट. बाकीचे भाग करणार असाल तर करा. एकच सांगणं, आधीसारखा “म्हणजे” हा शब्द वापरू नका.’

नाजमीननं ते सिताराला वाचून दाखवलं, मग रमजानला, आणि मग नानांना. नाना बराच वेळ हसत होते. “त्याले बी तेच पाहिजे, जे माले पाहिजे!”

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी मायलेकी बसतात. पहिल्या भागापासून सगळं पुन्हा केलं. त्यातलं बरंच तिला एकदा सांगून जमत नाही. कधी कधी एका चित्रासाठी आख्खी दुपार जाते. सारिकानं एक भाग डोळे मिटून ऐकला आणि गटात लिहिलं की आवडला, पण ही आता दुसरीच गोष्ट झाली, मूळची नव्हे. नाजमीननं खाली उत्तर लिहिलं, ‘असेल’. त्यावर पुन्हा आठवडाभर चर्चा. त्या दोघी आता फोनवर बोलतात, आणि पटत मात्र अजून नाही.

यंदा रमजानच्या चुलतभावाचं लग्न शिंदखेड्याला होतं. जेवण उरकून नाजमीन नवऱ्याला घेऊन नानांच्या दुकानावर गेली. रोनक गिऱ्हाइकांत होता. गादीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं तिचा आवाज ऐकून मान वळवली, पण तिच्याकडे नाही, तिच्या शेजारच्या कपाटाकडे. कपाटाकडे बघितलं की ती त्यांना कडेनं दिसत होती.

“आली का,” ते म्हणाले. “बस. शेवटचा भाग माले आवडला नाही.”

आतून नानांच्या पत्नी, प्रेमकुंवर काकी आल्या. “अहो, पाणी तरी विचारा! ही तीच का? रोज आमच्या घरात हिचाच आवाज, मला वाटलं दांडगी बाई असेल.” त्यांनी नाजमीनचा हात धरून खाली बसवलं आणि रमजानला खुर्ची दिली.

“का नाही आवडला?” नाजमीननं विचारलं. चित्रकथा नुकतीच संपली होती. शेवटच्या भागात पाणी उतरतं, गाळ वर येतो आणि त्यात कुणीतरी टरबुजाच्या वेली लावलेल्या असतात. बस.

“लोक कुठे गेले ते सांगितलंच नाही.”

“नाना, वेली लावल्यात ना कुणीतरी.”

“कुणी? त्याच गावचे का परके?”

“ते चित्रात नाही.”

“तेच म्हणतोय मी!”

“अरे, उसी गाँव के होंगे,” रमजान मध्येच म्हणाला. दोघंही त्याच्याकडे वळले. नाना अर्थात त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, “कशावरून?” रमजान म्हणाला, बाहेरच्याला गाळात पाय कुठे ठेवायचा ते कळणार नाही. नाना म्हणाले, कळतं, आठ दिवसांत कुणालाही कळतं. काकींनी फरसाणाच्या बशा आणून ठेवल्या तरी कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटी रोनकनंच गल्ल्यावरून ओरडून सांगितलं की धुळ्याची गाडी आत्ता समोरून गेली, आता पुढचीपर्यंत बसा.