भाजी आली म्हणा

पुण्याच्या नोकरीसाठी निघाले तेव्हा बाबा मला सोडायला पुलगाव स्टेशनवर आले होते. आई गावी, रोहण्यालाच थांबली. तिला चारचौघांत रडायचं नव्हतं. बाबांनी बॅग सीटखाली सरकवली आणि म्हणाले, "खिडकीची जागा कोनाले देजो नको." बस, एवढंच. गाडी हलली तेव्हा ते जिन्याकडे भरभर चालू लागले होते, मागे वळूनही पाहिलं नाही. मला राग आला. लेक चालली आणि या माणसाला जागेची पडली आहे, असं वाटलं. त्यांना तेव्हा काय होत असेल ते मला फार उशिरा समजलं.

मग पुण्यातच लग्न झालं, आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही फ्लॅट घेतला. घर पाहावं बांधून म्हणतात. आम्ही बांधलं नाही, नकाशावर बोट ठेवून पसंत केलं आणि तीन वर्षं दर रविवारी पत्र्याच्या कुंपणाबाहेरून अकरावा मजला मोजत राहिलो. तुमच्यापैकी ज्यांनी गाव सोडून असं घर घेतलंय, त्यांना ताबा मिळाल्यानंतरचे दिवस ठाऊक असतील. भिंतीला कुणी हात लावला तरी जीव खालीवर होतो. मला सगळ्यात जास्त कौतुक होतं गेटवरच्या ॲपचं. कुणी आलं की वॉचमन कळवणार, फोन आपल्याला विचारणार, आपण हो म्हटलं तरच माणूस आत. रोहण्याला आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, कोणीही येऊन बसायचं. अभ्यास करता करता मला सगळ्यांना पाणी द्यावं लागायचं. ते सगळं एकदाचं सुटलं, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी घरात ट्रॉल्या बसवणारे होते आणि ओट्यालगतचं माप चुकलं होतं. मी त्यांच्याशी भांडत असताना फोन वाजला. 'भाजी आली आहे. आत पाठवायचं?' आमची भाजी सकाळीच येऊन पडली होती. दुसऱ्या कुणाची असेल म्हणून मी 'नाही' दाबलं आणि पुन्हा भांडायला लागले.

दोन तासांनी रोहण्याहून आईचा फोन आला. "बाबा पोचले काय वं? त्याइचा फोन बंद लागून राह्यला." ती माझ्या भावासोबत दुसऱ्या दिवशी येणार होती. बाबा मात्र, तोडलेली वांगी शिळी होतील म्हणून, एक दिवस आधीच निघाले होते. मला काही सांगू नको, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

मी वर्ध्याला हॉस्टेलला होते तेव्हा बाजाराच्या दिवशी बाबा शेतातला माल बाजारात उतरवून हॉस्टेलच्या फाटकापाशी यायचे. मुलींच्या हॉस्टेलमध्ये बापालाही आत सोडत नसत. ते चौकीदाराला सांगायचे, "भाजी आली म्हणा." तो जिन्यातून ओरडायचा आणि मी चप्पल न घालता धावत सुटायचे. चार वर्षं हे चाललं. आमच्या दोघांत त्यांचं नावच भाजी होतं. आणि मी ते विसरले होते.

मी तशीच खाली धावले. बाबा गेटबाहेर कडुनिंबाखाली पोतं उघडून बसले होते. समोर आमच्या सोसायटीतल्या दोघी जणी वांगी निवडत होत्या. मला वाटलं, विकतात की काय. तर ते फुकट वाटत होते.

"तुह्ये शेजारी होय ना वं," ते म्हणाले. "मंग तसंच कसं धाडू?"

वॉचमन काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. मग मी बाबांना म्हणाले, "बाबा, नेटवर्कच नव्हतं. मला कळलंच नाही."

"असन," ते म्हणाले. "नवी बिल्डिंग हाये. सिमेंट लय."

वास्तुशांतीला ते हौसेनं वावरले, गॅलरीत उभं राहून "वाळवणाले लय चांगली जागा हाये" असं आईला तीनदा म्हणाले. पण त्यानंतर ते कधीच आले नाहीत. कधी मिरची तोडायची असायची, कधी गुडघा दुखायचा. मी आग्रह करायचे, ते "येऊ ना, सवडीनं" म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात वावरातच त्यांचं हृदय थांबलं.

तेरवी झाल्यावर एका दुपारी आई आणि मी सपरीत बसलो होतो. मी तिला म्हटलं, चल माझ्याकडे. ती म्हणाली, "त्या दिवशी वाचमननं सांगतलं होतं त्याइले, वरून नाई म्हनते म्हनून."

आई पुढे सांगू लागली.

"मले म्हने, पोरीले सांगू नको. तिले वाटते मले मालूम नाई. वाटू दे."

फ्लॅटचे कागद माझ्या नावावर आहेत, तिथं माझी मुलं वाढताहेत, आणि कुणी पत्ता विचारला तर मी तोच सांगते. पण घर कुठे होतं ते मला त्या दुपारी कळलं. मी बोललेलं खोटं ज्यानं काही न विचारता घेतलं आणि सहा वर्षं सांभाळलं, तो माणूस माझं घर होता. त्याला मीच आत घेतलं नव्हतं.