व्हॅनची जाळी कुणी काढली?

ती व्हॅन आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि ती खालच्या बाजूने. नोकरीत मी वाहनांचे पुष्कळ पंचनामे केले, पण गाडीखाली शिरून गुन्हा उलगडला तो एकदाच. कुणाचे नाव लिहीत नाही. त्यातली माणसे अजून त्याच गावात आहेत आणि तशी बरी माणसे आहेत.

नांदेडहून बदलून मी लातूर शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी झालो होतो. आमच्या हद्दीत क्लासेस फार, त्यामुळे मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनही फार. त्या काळात मराठवाडाभर एक विचित्र चोरी सुरू होती. गाडी जागेवर, टेप जागेवर, स्टेपनी जागेवर, आणि खालचा सायलेन्सर तेवढा गायब. त्या सायलेन्सरच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. तिच्यावर महागड्या धातूंचा अगदी पातळ थर असतो आणि धुरातला विषारी भाग त्या थरामुळे कमी होतो. भंगारवाले ती फोडून, दळून विकतात. त्यांच्या भाषेत ती ‘माती’.

आमच्याकडे अशी फिर्याद घेऊन एक व्हॅनमालक आले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मूळचे देवणीकडचे, बोलायला मऊ, देवाधर्माचे. घरासमोर लावलेल्या व्हॅनची जाळी रात्रीतून कुणीतरी कापून नेली, असे त्यांचे म्हणणे.

“सकाळी लेकरायला क्लासला सोडायचं होतं, साहेब. म्हणून रस्त्यावरच्या एका वेल्डरकडून तात्पुरता पाइप लावून घेतला,” ते म्हणाले.

ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला. आमच्या जमादारांनी गाडी जिथे उभी होती त्या जागेचा पंचनामा केला. गाडीच्या चारही बाजू लिहिल्या. खालची बाजू लिहिली नाही. कुणी लिहीतच नसे.

मग खबर आली. भंगाराचा धंदा करणारा आमचा एक जुना माणूस फोनवर म्हणाला, “साहेब, औसा रोडच्या मिस्त्रीकडं मातीची नळकांडी पोत्यात भरून ठेवलेली हायेत. मी मागितली तर भाव वाढू दे म्हणला.”

डीबी पथक, म्हणजे ठाण्याचे गुन्हे शोध पथक, घेऊन आम्ही गॅरेजवर गेलो. मिस्त्री साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, हातात ग्रीसचे फडके. सगळे त्यांना चाचा म्हणत. पोते कुठे आहे विचारल्यावर त्यांनी बोटानेच दाखवले. लपवलेले नव्हते. त्याच्यावर एक मांजर झोपले होते.

“हे कुणाचं?” मी विचारले.

“माझं.”

“कुठून आणलं?”

“आणलं कुठून? गाड्यांचं काढलं. जुना माल मिस्त्रीचा असतो साहेब, तुम्हाला ठाऊक न्हाई का?”

मला ठाऊक होते. आमच्याकडे गॅरेजची ही रीतच आहे. क्लचप्लेट बदला, बेअरिंग बदला, जुना भाग मालक घरी नेत नाही. तो कोपऱ्यात पडतो, आणि कोपऱ्यात पडले ते मिस्त्रीचे. त्याची पावती नसते, कुणी मागतही नाही. पण मुद्देमाल म्हणून पोते समोर आले की रीत कायद्याला दिसत नाही. पोते पंचांसमक्ष जप्त केले. ठाण्यात आल्यावर आमच्या सगळ्यांना विचारले, ही जाळी कुणी चोरली असेल? चोरीला शिक्षा सात वर्षांच्या आतली, म्हणून लगेच अटक न करता नोटीस देऊन चाचांना ठाण्यात बोलावले.

अप्पांना ओळख पटवायला बोलावले. त्यांनी पोत्यातून एक नळकांडे उचलले. त्याला पितळी झाळ लावून बुजवलेली एक चीर होती.

“हीच माझी. ही झाळ मीच मारून घेतली होती मागं.”

समोर बसलेले चाचा म्हणाले, “हाव, त्येंचीच हाय. म्याच काढली. त्येंनीच काढायला लावली.”

“मी?” अप्पा उठून उभे राहिले. “चाचा, खुदाला तरी भ्या! मी कशाला काढायला लावतो ओ?”

“गाडी वढत न्हाई म्हणलाव. चढाला दम टाकती म्हणलाव. जाळी चोक झाली, नवी परवडत न्हाई, काढा म्हणलाव. पाऊस व्हता त्या दिवशी.”

“कोणता पाऊस? परवाच्या रात्री चोरी झाली माझी!”

वस्तूबद्दल दोघांचे एकमत होते. ती कशी निघाली एवढ्यावरच वाद होता, आणि साक्षीदार कुणी नव्हता. अप्पांना त्या वेल्डरची जागा आठवत नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सायलेन्सरच्या चोऱ्यांतले चोर नांदेड जिल्ह्यातही सापडले नव्हते. आमच्याकडे पोते सापडल्याची बातमी पसरली आणि त्या जिल्ह्यातल्या नायगावच्या बाजूने फोन सुरू झाले. एका पथकाने दुसऱ्याच दिवशी सकाळी येतो म्हणून कळवले. उघड न झालेले गुन्हे आणि एक तयार आरोपी एका टेबलावर आले की पुढे काय होते, हे खात्यात काम केलेल्याला सांगावे लागत नाही. चाचा एकदा त्या पथकाच्या गाडीत बसले असते, तर एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरत राहिले असते. सुटले असते कदाचित, पण गॅरेज तोवर उरले नसते. चाचांनाही ते कळत होते. त्यांनी चहा घेतला नाही.

चौकशीत मी त्यांना सरळच विचारले, “चाचा, गाडीतली जाळी काढणं हा मुळात गुन्हा आहे, हे माहीत होतं का?”

“कुणाचा गुन्हा? गाडी त्यांची, सांगितलं त्यांनी.”

“कंपनीनं बसवलेलं काढता येत नाही.”

“मग सीटचं कव्हर? हॉर्न? टेप? सगळं शहर बदलून राहिलंय साहेब. तुमच्या लोकांनी कुणाला पकडलं?”

 त्यावर ठाण्यातच वाद रंगला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, जाळी काढली की पिकअप वाढतो, हे खरंच आहे. आमच्या महिला फौजदार म्हणाल्या, “आणि मागं बसलेल्या लेकरांचं काय? मी लहानपणी अशाच गाडीतून शाळेत जायचे. घरी येऊन उलट्या.” ड्रायव्हर म्हणाला, “म्याडम, त्या ड्रायव्हरनं बिडी वढली आसंल.” सगळे हसले. फौजदारबाई हसल्या नाहीत. मग कुणीतरी पीयूसीचा विषय काढला, की नळी आत न घालता नुसता नंबरप्लेटचा फोटो काढूनही कागद मिळतो, मग नियमाचे काय घेऊन बसलात? एवढ्या चर्चेत जमादार मात्र गप्प होते. एरवी क्रिकेटवरसुद्धा शेवटचे मत त्यांचेच असायचे.

मी आरटीओतल्या एका ओळखीच्या निरीक्षकांना फोन लावला. मला खरोखर कुतूहल होते, की रेषा नेमकी कुठे आहे?

ते म्हणाले, “सीटचं कव्हर बदललंत तर तुम्हाला घाम येईल. जाळी काढलीत तर मागच्याला खोकला येईल. नोंदणीच्या वेळी गाडी जशी होती तिच्यात असा बदल मालकालाही करता येत नाही, आणि करून देणाऱ्यालाही नाही. अजून एक सांगतो, मुलांच्या व्हॅनचं फिटनेस आम्ही हल्ली खाली वाकून बघतो.”

खाली वाकून. आम्ही कुणीच वाकलो नव्हतो.

मी मनाशी मुद्दे मांडले. वेल्डिंग कालचे असेल तर अप्पा खरे. जुने असेल तर चाचा खरे. म्हणजे माणसांना अजून विचारण्यात अर्थ नव्हता, पाइपाला विचारायचे होते. अप्पांना निरोप दिला, व्हॅन घेऊन ठाण्याशेजारच्या वॉशिंग सेंटरवर या, रॅम्पवर चढवायची आहे.

अप्पा आले, पण गाडी चढवायच्या आधी म्हणाले, “साहेब, खालून लई घाण हाय. पाण्याचा फवारा मारून घेऊ का? तुमचे कपडे खराब व्हतील.”

“राहू द्या. कपडे धुता येतात.”

दोन पंच बोलावले होते. चाचांनाही उभे केले. रॅम्पखाली मी पोत्यावर उताणा झालो आणि टॉर्च मारला. पाइपावर काळ्या मातीचे वाळलेले थर होते, आपल्याकडच्या रानातली चिकट माती, जी वाळली की सिमेंटसारखी धरते. होळी जवळ आली होती. पाऊस पडून महिने झाले होते. तरी मी घाई केली नाही. अप्पा म्हणू शकले असते, की वेल्डरने भंगारातला मळका पाइप लावला.

स्क्रूड्रायव्हरने जोडाजवळची माती हळूहळू खरवडली. तिच्याखाली चंदेरी रंग निघाला. वेल्डिंग करून झाले की गंज धरू नये म्हणून मिस्त्री तो मारतात. म्हणजे माती पाइपाबरोबर आली नव्हती, जोड झाल्यावर आणि रंग दिल्यावर बसली होती. आणखी खरवडले तर त्या रंगात तीन आडव्या रेघा दिसल्या. शेजारी शेजारी, सारख्या अंतरावर. रंग ओला असताना कुणीतरी तीन बोटे फिरवली होती, आणि रेघांच्या खोलगट भागात पांढरट राख रंगाबरोबर भाजून बसली होती.

पहिल्यांदा मला अर्थ लागला नाही. मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि व्हॅनचे बॉनेट उघडायला सांगितले. बॅटरीवर तशाच तीन रेघा. मागे गेलो. स्टेपनीवर तीन रेघा, जॅकच्या डब्यावरही. गाडीत नवे काही बसवले की अप्पा स्वतःच्या हाताने त्याला भस्म लावत. दुसऱ्या कुणाला लावू देत नसत, हे त्यांच्याबरोबर आलेल्या चालकाने तिथेच सांगितले.

मी अप्पांना रॅम्पखाली बोलावले. पंच थोडे मागे सरले.

“अप्पा, ही तीन बोटं कुणाची?”

त्यांनी वर पाहिले. टॉर्च माझ्या हातात होता, तो हलू दिला नाही.

“आणि कधीची?”

ते काहीही म्हणू शकले असते. वेल्डरनेच ओढली, किंवा मला माहीत नाही. कोर्टात एवढ्यावर भांडणारा वकील मिळालाच असता.  पण अप्पांनी हात वर करून त्या रेघांवरून आपली बोटे नेली. बरोबर बसली.

“भस्माला खोटं पाडू का साहेब आता,” ते म्हणाले. “माझीच हायेत. गणपतीच्या दिवसातली.”

मागून चाचांचा आवाज आला, “रंग वाळू द्या म्हणलं व्हतं मी. ऐकलं न्हाई. रंग खराब केला तो केलाच.”

सगळे उलगडले. फिटनेसच्या वेळी निरीक्षकांनी खाली वाकून पाहिले होते आणि जाळीशिवाय पासिंग होणार नाही म्हणून सांगितले होते. नवी जाळी घेणे अप्पांना झेपत नव्हते. चोऱ्यांच्या बातम्या रोज पेपरात येत होत्या. चोरीची फिर्याद असली की विम्यातून भरपाई मिळते, असे कुणीतरी सुचवले. चाचांचे नाव अप्पांनी घेतले नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. चोर अज्ञातच राहील असे त्यांना वाटले होते. मिस्त्रीने ते नळकांडे केव्हाच विकले असेल, असा त्यांचा हिशेब. समोर पोते आले आणि मागे फिरायची वाट उरली नाही.

ते चाचांजवळ गेले. “चुकलं माझं. तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं.”

“आलं असतं की. सकाळी गाडी येणार व्हती मला न्यायला,” चाचा म्हणाले. एवढे बोलून ते नळावर हात धुवायला गेले.

फिर्याद खोटी असल्याचा ‘ब’ समरी अहवाल मी न्यायालयात पाठवला. अप्पांवर पुढची कारवाई झाली, व्हॅन नवी जाळी बसेपर्यंत रस्त्यावर आली नाही. चाचांवरही गाडीत बेकायदा बदल करून दिल्याबद्दल मोटार वाहन कायद्याखाली कारवाई झाली. चोरीतून सुटले म्हणून तेवढे सोडून दिले नाही. त्यांनी दंड भरला आणि म्हणाले, “नियम मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या साहेब. गिऱ्हाईकाला मी सांगून पटत न्हाई. म्हणतं, तो पलीकडचा काढून देतो की.” फौजदारबाईंनी लिहून दिले.

रॅम्पवरच्या तपासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडकडचे पथक आले होते. त्यांच्या अधिकाऱ्याला मी रॅम्पवरचे फोटो दाखवले. ते जरा नाराजच झाले. म्हणाले, “मग आमच्या गुन्ह्यांचं काय?” मी म्हणालो, आधी तुमच्या फिर्यादींच्या गाड्या खालून बघा. काही चोऱ्या खऱ्याच होत्या. त्यातले खरे चोर पुढे दुसऱ्याच पथकाने पकडले. काही ठिकाणी मात्र फिर्यादीच पुन्हा ठाण्याकडे फिरकले नाहीत, असे त्यांनी नंतर कळवले.

पथक गेल्यावर जमादार माझ्या दारात उभे राहिले. टोपी हातात.

“साहेब, त्या पोत्यातली एक माझी हाय.”

“कुठल्या गाडीची?”

“घरच्या गाडीची. दिवाळीला काढून घेतली चाचांकडून. पिकअप येत नव्हता.”

“म्हणजे पोतं पाहिलं तेव्हाच तुम्हाला माहीत होतं, की हे चोरीचं नसू शकतं?”

“हाव.”

“मग बोलला का नाहीत? माणूस जेलात गेला असता!”

 “सकाळी पथक याच्या आत सांगणारच व्हतो, शपथ घेतो. पण तुम्ही सगळ्यायला विचारलं, कुणी चोरली. मी चोरली नव्हती साहेब.”

त्यांचा लेखी खुलासा घेतला, वरिष्ठांकडे पाठवला, आणि गाडीला नवी जाळी बसल्याचे स्वतः खाली वाकून पाहिले. पण त्यांचे ते वाक्य माझ्याबरोबर राहिले. तपासात आपण पहिला प्रश्न विचारतो तेव्हाच अर्धे उत्तर ठरवून टाकतो. कुणी चोरली म्हटले की समोरचा प्रत्येक जण एकतर चोर होतो किंवा मुका होतो. ज्या गोष्टी सगळे गाव उघडपणे करते आणि कुणी गुन्हा मानत नाही, त्यांच्याविषयी बोलायला मग कुणीच तयार होत नाही. आपल्या शेजारच्या खुर्चीवरचाही नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, वस्तू कुणी नेली हे विचारण्याआधी, ती तिथे नसावी असे कुणाकुणाला वाटत होते, हे मी विचारत गेलो. आणि तो प्रश्न सर्वांत आधी ठाण्यातल्या माणसांना विचारत असे.